पुष्यातल्या गुच्छाचे तारे ओळखताना निजगतीचं वर्तुळ किती मोठं घ्यावं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ राहील. गाया या अवकाश दुर्बिणीच्या तिसऱ्या डेटा रिलीजमधून तुम्ही एम ४४ चे, म्हणजे पुष्य नक्षत्रातल्या खुल्या तारकागुच्छाचे, केंद्रापासून चार अंशांपर्यंतचे तारे घेतलेत. त्यांच्या निजगतीचा, म्हणजे आकाशात ते दर वर्षी किती सरकतात त्याचा, आलेख काढलात: आडव्या अक्षावर विषुवांशातली (पूर्व-पश्चिम) निजगती, उभ्या अक्षावर क्रांतीतली (उत्तर-दक्षिण). उणे ३६, उणे १३ च्या आसपास दाट पुंजका ठसठशीत दिसला. त्याच्याभोवती वर्तुळ काढून आतले सगळे सदस्य धरायचे असं ठरवलंत आणि तिथे गाडं अडलं. त्रिज्या १ घेतली तर प्रसिद्ध याद्यांमधले निम्मे तारे गळतात. २ घेतली तरी काही बाहेर राहतात. ३ घेतली तर परके शिरतील अशी शंका येते. त्यात केंद्राच्या बरोबर पूर्वेला ३ अंशांवरचा, सोळाव्या प्रतीचा (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा मोठा तितका तारा मंद) एक तारा तुम्हाला छळतोय. त्याची निजगती उणे ३८.१ आणि उणे १२.५, पराशय (अंतराचं माप, तारा जितका दूर तितका लहान) ५.४, रंगही गुच्छाला शोभेसा, पण २ च्या वर्तुळाच्या जरासा बाहेर. तो गुच्छाचा मानायचा की नाही?

निजगतीचे आकडे दर वर्षी मिलिआर्कसेकंदांत आणि पराशयाचे मिलिआर्कसेकंदांत आहेत. पुढे प्रत्येक वेळी एकक लिहीत नाही. एक मिलिआर्कसेकंद म्हणजे अंशाचा छत्तीस लाखावा भाग. एवढ्या सूक्ष्म कोनात हा सगळा व्यवहार चालतो.

त्या ताऱ्याचं उत्तर आधी देतो: तो सदस्य असण्याची शक्यता खूप मोठी आहे, आणि तो वर्तुळाबाहेर पडतो यात दोष ताऱ्याचा नाही, वर्तुळाचा आहे. तुमची खरी अडचण त्रिज्येची नाहीच. चार अंशांवर पसरलेल्या ताऱ्यांसाठी तुम्ही एकच केंद्र आणि एकच त्रिज्या धरली आहे. गुच्छातल्या ताऱ्यांचा अवकाशातला वेग जवळजवळ सारखा असतो. आकाशात दिसणारी त्यांची निजगती मात्र सारखी असेलच असं नाही. वर्तुळ काढायचं तर ते प्रत्येक ताऱ्याचं वेगळं काढावं लागतं. त्याचं केंद्र ताऱ्याच्या जागेवरून आणि अंतरावरून ठरतं, आकार मापनातल्या त्रुटीवरून आणि गुच्छाच्या अंतर्गत वेगांवरून ठरतो. त्यात परके किती शिरतील ते त्या दिशेच्या आकाशावर अवलंबून असतं.

सुरुवात अंतर्गत वेगांपासून करू. गुच्छातले तारे एकमेकांच्या गुरुत्वाकर्षणात फिरत असतात, त्यामुळे प्रत्येकाचा वेग गुच्छाच्या सरासरी वेगापेक्षा थोडा वेगळा असतो. खुल्या गुच्छांत हा फरक सहसा सेकंदाला अर्धा ते एक किलोमीटर. त्याचं निजगतीत रूपांतर करण्याचं सूत्र सोपं आहे: निजगतीला पराशयाने भागा, ४.७४ ने गुणा, की सेकंदाला किलोमीटरमध्ये आडवा वेग मिळतो. एम ४४ चा पराशय सुमारे ५.३७, म्हणजे अंतर १८६ पार्सेक, साधारण ६०० प्रकाशवर्षं. तिथे सेकंदाला १ किलोमीटरचा फरक निजगतीत १.१ एवढा दिसतो. अंतर्गत वेगांचा प्रसार ०.८ किलोमीटर धरला तर निजगतीतला प्रसार ०.९.

आता त्रिज्या १ घेतल्यावर निम्मे का गळाले ते बघा. एका मितीत एक सिग्माच्या (सिग्मा म्हणजे हाच प्रसार) आत ६८ टक्के येतात हे सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. निजगतीचा आलेख मात्र दोन मितींचा आहे. तिथे एक सिग्मा त्रिज्येच्या वर्तुळात फक्त ३९ टक्के तारे येतात, दोन सिग्मात ८६ टक्के, आणि तीन सिग्मात जेमतेम ९९. सिग्मा ०.९ असताना त्रिज्या १ म्हणजे जवळपास एक सिग्माचं वर्तुळ झालं. त्यात निम्मेसुद्धा मावणार नाहीत, हे गणितातच आहे. आलेखावर पुंजका जेवढा दाट दिसतो तेवढाच तो आहे असं डोळ्यांना वाटतं आणि कडेचे विरळ सदस्य नजरेतून सुटतात. म्हणून त्रिज्या नजरेने न ठरवता सेकंदाला किलोमीटरमध्ये ठरवावी आणि मग गुच्छाच्या अंतरानुसार निजगतीत उतरवावी.

यानंतर येतो तुमच्या ताऱ्याचा मुद्दा, आणि मला वाटतं सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथेच होतं. एम ४४ आपल्यापासून सेकंदाला सुमारे ३५ किलोमीटर वेगाने दूर जातो आहे. पक्ष्यांचा थवा आपल्यापासून लांब उडत जातो तेव्हा सगळे पक्षी एकाच दिशेला उडत असूनही थवा आक्रसत गेल्यासारखा दिसतो. गुच्छाचंही तसंच होतं. केंद्रापासून लांब असलेल्या प्रत्येक ताऱ्याच्या निजगतीत केंद्राकडे जाणारा एक जादा घटक येतो. तो किती? ३५ किलोमीटरला एक अंशाच्या साइनने गुणलं की सेकंदाला ०.६१ किलोमीटर येतात, आणि एम ४४ च्या अंतरावर त्याचं होतं ०.७. म्हणजे केंद्रापासून दर अंशाला ०.७ ची सरक. तीन अंशांवर ती २ च्या पुढे जाते. तुमच्या वर्तुळाची अख्खी त्रिज्या तेवढ्यातच संपली.

दुसरं कारण निव्वळ भूमितीचं. आकाशात पूर्वेकडे सरकलं की ‘उत्तर’ दिशा थोडी वळते, कारण सगळ्या उत्तर दिशा ध्रुवाकडे एकवटतात. त्यामुळे तोच वेगसदिश दोन ठिकाणी वेगवेगळ्या प्रमाणात विषुवांश आणि क्रांतीत वाटला जातो. एम ४४ च्या क्रांतीला, म्हणजे उत्तर १९.७ अंशांवर, तीन अंश पूर्वेला गेल्यावर हा वळसा सुमारे एक अंशाचा होतो आणि ३८ च्या निजगतीत त्याने ०.७ चा फरक पडतो.

दोन्ही धरून तुमच्या ताऱ्याचा हिशेब करू. गुच्छाच्या केंद्राची निजगती उणे ३६.० आणि उणे १२.९. तीन अंश पूर्वेला असलेल्या सदस्याची अपेक्षित निजगती विषुवांशात २.३ ने आणखी उणे होते, म्हणजे उणे ३८.३. क्रांतीत ती ०.७ ने वर येते, म्हणजे उणे १२.२. तुमचा तारा आहे उणे ३८.१, उणे १२.५ वर. अपेक्षेपासून त्याचा फरक ०.२ आणि ०.३, म्हणजे अर्ध्या सिग्मापेक्षाही कमी. पराशय ५.४ जुळतोच. १८६ पार्सेकवर तीन अंश म्हणजे केंद्रापासून दहा पार्सेकच्या आत, आणि एवढ्या अंतरावर गुच्छाचे तारे असायला काहीच हरकत नाही. हाच तारा केंद्राच्या पश्चिमेला तीन अंशांवर असता तर अपेक्षित निजगती उलट दिशेला सरकली असती, फरक चाराच्या पुढे गेला असता, आणि मी त्याला बिनदिक्कत वगळलं असतं. निजगतीचा तोच आकडा एका जागी सदस्यत्वाच्या बाजूने बोलतो आणि दुसऱ्या जागी विरुद्ध.

म्हणून माझी पद्धत अशी. गुच्छाच्या केंद्राची निजगती, पराशय आणि अरीय वेग (आपल्याकडे येण्याचा किंवा दूर जाण्याचा) घेऊन त्याचा त्रिमितीय वेग काढतो. मग यादीतल्या प्रत्येक ताऱ्याच्या जागेवर तोच वेग ठेवला तर निजगती किती दिसली असती ते काढतो आणि मोजलेल्या निजगतीतून वजा करतो. अ‍ॅस्ट्रोपायमध्ये (पायथन या संगणकभाषेतला खगोलशास्त्राचा संच) हे थोड्या ओळींचं काम आहे. वजाबाकीचा आलेख काढला की पसरट, कललेला पुंजका आवळून शून्याभोवती गोल होतो. अंतराचा परिणामही इथेच धरावा. गुच्छाच्या केंद्रापेक्षा दहा पार्सेक जवळ असलेल्या ताऱ्याची निजगती एम ४४ मध्ये २ ने मोठी दिसते, म्हणून तेजस्वी ताऱ्यांसाठी मी निजगतीऐवजी थेट किलोमीटरमधला वेगच तपासतो. मंद ताऱ्यांचा पराशय तेवढा नेमका नसतो. त्यांना गुच्छाचं सरासरी अंतर द्यावं आणि प्रसार थोडा वाढवून धरावा.

हे सगळं जवळच्या गुच्छांसाठी महत्त्वाचं आहे. गुच्छ जितका जवळ तितकी ही सरक मोठी. वृषभेतला हायाडीस फक्त ४७ पार्सेकवर, त्यामुळे तिथे एकाच वर्तुळाने काम भागतच नाही. तिथले तारे एका बिंदूकडे एकवटल्यासारखे चालतात, हे लुइस बॉस यांनी १९०८ मध्येच दाखवलं होतं. तो बिंदू मृगातल्या काक्षी (बीटलज्यूस) या ताऱ्याच्या थोडा पूर्वेला येतो. याउलट गुच्छ हजार पार्सेकच्या पलीकडे असेल आणि आकाशात अर्ध्या अंशात मावत असेल तर ही दुरुस्ती त्रुटीच्या खाली जाते आणि साधं वर्तुळ चालतं. तेव्हा ‘दुरुस्ती करायची का?’ याचं सरसकट उत्तर नाही. अरीय वेग, अंतर आणि कोनीय आकार घालून सरक काढा. ती प्रसाराच्या पाव भागापेक्षा मोठी निघाली तर मी दुरुस्ती करतोच.

हायाडीसचा विषय निघालाच आहे तर रोहिणीचं उदाहरण बघा. डोळ्यांना रोहिणी त्या गुच्छातलीच वाटते. गुच्छातल्या एप्सिलॉन या ताऱ्याची निजगती अधिक १०७ आणि उणे ३७ आहे, म्हणजे तो मुख्यतः पूर्वेकडे सरकतो. रोहिणीची निजगती अधिक ६३ आणि उणे १८९, म्हणजे ती बहुतांशी दक्षिणेकडे. दिशाच वेगळी. अंतर बघितलं तर रोहिणी २० पार्सेकवर, गुच्छाच्या निम्म्याहूनही अलीकडे. अरीय वेग गुच्छाचा सेकंदाला ३९ किलोमीटरच्या घरात, रोहिणीचा ५४. तिन्ही कसोट्या एकाच बाजूला बोट दाखवतात. इतकं स्वच्छ उत्तर नेहमी मिळत नाही, पण निजगती, पराशय आणि अरीय वेग हे तीन स्वतंत्र साक्षीदार कसे वापरायचे ते यात नीट कळतं.

आता परक्यांची भीती. ती किती बाळगायची हे पूर्णपणे गुच्छ कुठे आहे त्यावर ठरतं. निजगतीच्या आलेखात दूरचे असंख्य तारे शून्याच्या आसपास गर्दी करतात, कारण अंतर वाढलं की निजगती घटते. एम ४४ चा पुंजका या गर्दीपासून लांब आहे, आणि हा गुच्छ आकाशगंगेच्या पट्ट्यापासूनही ३२ अंश दूर असल्यामुळे गर्दी मुळातच विरळ आहे. इथे वजाबाकीनंतर तीन सिग्मापर्यंत जायला मी कचरत नाही. एम ६७ या आणखी एका खुल्या गुच्छाचंही तसंच: निजगती उणे ११, उणे २.९, आणि आकाशात मोकळी जागा. आता ययातीतला दुहेरी गुच्छ घ्या. अंतर सुमारे साडेसात हजार प्रकाशवर्षं, दोघांचीही निजगती उणे ०.६ ते ०.७ आणि उणे १.१ च्या आसपास, म्हणजे थेट गर्दीच्या पोटात. तिथे सेकंदाला १ किलोमीटरचा फरक निजगतीत फक्त ०.०९ दिसतो. तीन सिग्माचं वर्तुळ काढलं तर परक्यांची रांगच लागेल. दोन गुच्छ एकमेकांपासून वेगळे करायचे तर निजगती जवळपास मदतच करत नाही; आकाशातली जागा बघावी लागते.

परके किती शिरले हे अंदाजाने ठरवू नका, मोजा. गुच्छापासून काही अंश दूर, आकाशगंगेच्या पट्ट्यापासून तेवढ्याच अंतरावर, दोन्ही बाजूंना दोन मोकळे तुकडे निवडा. त्यांच्यावर अगदी तीच गाळणी लावा: तीच निजगती, तोच पराशय, तीच प्रत. जे तारे उरतील ते तुमच्या यादीतल्या परक्यांचा नमुना. क्षेत्रफळाच्या प्रमाणात आकडा वाढवला की भेसळीचा अंदाज मिळतो. तुकडे गुच्छाच्या अगदी जवळ घेऊ नका, कारण गुच्छाचे सुटलेले सदस्य बरेच लांब गेलेले असतात. हायाडीसच्या दोन्ही बाजूंना शेकडो प्रकाशवर्षं लांब शेपट्या आहेत, त्या २०१९ मध्ये गायाच्या डेटातूनच सापडल्या. अशी शेपटी ‘मोकळ्या’ तुकड्यात आली तर खरे सदस्य परके म्हणून मोजले जातील.

पराशयाची अट आधी लावायची की नंतर, असंही तुम्ही विचारलंय. दोन्ही अटी काटेकोर असतील तर क्रमाने फरक पडत नाही, उरणारे तारे तेच असतात. पण पुंजका शोधण्यासाठी आणि पार्श्वभूमीचा अंदाज घेण्यासाठी आधी पराशयाची सैल अट लावणं फायद्याचं, कारण त्याने दूरची गर्दी एका झटक्यात निघून जाते. ‘सैल’ हा शब्द मनावर घ्या. एम ४४ चे केंद्रापासून पुढे-मागे दहा पार्सेकमधले तारे पराशयात ५.१ ते ५.७ मध्ये येतात. पंधराव्या प्रतीपर्यंत गायाची पराशयातली त्रुटी ०.०२ ते ०.०३ असते, तिथे ही खिडकी चोख आहे. सतराव्या प्रतीला त्रुटी ०.०७ होते, तरी चालतं. विसाव्या प्रतीला ती ०.५ होते. तिथे ५.१ ते ५.७ ची खिडकी लावली की निम्म्याच्या आसपास खरे सदस्य केवळ त्रुटीमुळे बाहेर फेकले जातात, आणि मग गुच्छात लहान तारे कमी आहेत असा खोटा निष्कर्ष निघतो. खिडकीची रुंदी प्रत्येक ताऱ्याच्या स्वतःच्या त्रुटीनुसार ठेवा. अंतर्गत प्रसार आणि त्रुटी यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढा, तो त्या ताऱ्याचा सिग्मा. निजगतीलाही हाच नियम.

अनेक ठिकाणी ‘पराशय भागिले त्रुटी दहापेक्षा जास्त’ अशी अट सरधोपट लावलेली दिसते. एम ४४ साठी ती फारशी त्रास देत नाही. तीन हजार पार्सेकवरच्या गुच्छाचा पराशय ०.३३ असतो, तिथे या अटीतून त्रुटी ०.०३३ पेक्षा कमी असलेलेच तारे उरतात, म्हणजे मंद तारे जवळजवळ सगळे जातात. एवढ्या दूरच्या गुच्छांसाठी गायाच्या पराशयातला पद्धतशीर फरकही ध्यानात ठेवा. गायाचे पराशय सुमारे ०.०२ ते ०.०४ ने कमी येतात. ५.३७ मध्ये तो फरक जाणवत नाही, ०.४ मध्ये चांगलाच जाणवतो.

आता ‘आत’ आणि ‘बाहेर’ ही भाषाच सोडून शक्यतेच्या भाषेत येऊ. १९५८ मध्ये व्हासिलेव्हस्किस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, आणि १९७१ मध्ये सँडर्स यांनी जी वाट घालून दिली तीच आजही मुळाशी आहे. आलेखातल्या प्रत्येक जागी दोन घनता काढायच्या: गुच्छाच्या ताऱ्यांची आणि परक्यांची. गुच्छाच्या घनतेला दोन्हींच्या बेरजेने भागलं की त्या जागेवरच्या ताऱ्याची सदस्य असण्याची शक्यता मिळते. त्या काळात कित्येक वर्षांच्या अंतराने घेतलेल्या काचेच्या छायाचित्रांवरून निजगती मोजत, आणि परक्यांची घनता एका लंबगोल गाउसियनने (घंटेच्या आकाराच्या वितरणाने) दाखवत. आज परक्यांसाठी गाउसियन वापरू नये असं माझं ठाम मत आहे. खऱ्या आकाशातले परके तारे तसे वाटलेले नसतात. त्यांच्या निजगतीला लांब शेपट्या आणि आडवेतिडवे फाटे असतात. वर सांगितलेल्या मोकळ्या तुकड्यांतूनच त्यांची घनता घ्यावी.

शक्यता हातात आली की भेसळीचा हिशेब आपोआप होतो. यादीत ०.७ शक्यतेचे शंभर तारे असतील तर त्यातले तीसेक परके असणार, फक्त कुठले ते माहीत नाही. त्यामुळे ‘०.५ च्या वरचे सगळे घ्या’ हा सल्ला मी कोणालाही देत नाही. यादी कशासाठी हवी ते आधी ठरवायचं. वय काढायचं असेल, म्हणजे ताऱ्यांचा रंग आणि तेज दाखवणाऱ्या रंग-प्रत आलेखावर समवय रेषा (एकाच वयाचे तारे जिथे पडतील ती) बसवायची असेल, तर थोडे पण खात्रीचे तारे पुरतात, ०.९ च्या वरचे घ्या, काही सदस्य सुटले तरी हरकत नाही. गुच्छात कुठल्या वस्तुमानाचे किती तारे आहेत हे मोजायचं असेल तर असं कापून चालत नाही, कारण कापलेल्यांत मंद तारे जास्त असतात. तिथे सगळे तारे ठेवा आणि प्रत्येकाला त्याच्या शक्यतेएवढं वजन द्या. शेपट्या किंवा निसटलेले तारे शोधायचे असतील तर मुद्दाम सैल राहा आणि संशयितांचा अरीय वेग वर्णपटावरून मोजून घ्या.

प्रसिद्ध याद्या आपसांत जुळत नाहीत त्याचं बरंचसं कारण हेच. कांता-गोदां यांच्या गायावर आधारलेल्या गुच्छांच्या यादीत अठराव्या प्रतीपर्यंतचेच तारे घेतलेले आहेत. हंट आणि रेफर्ट यांची २०२३ ची यादी त्याहून मंद ताऱ्यांपर्यंत जाते आणि तिच्यात ७,१६७ गुच्छ आहेत. पहिलीत यूपीमास्क ही सदस्य निवडण्याची संगणकीय पद्धत आहे, दुसरीत दाट पुंजके शोधणारी एचडीबीस्कॅन. एचडीबीस्कॅनसारखी पद्धत वापरायची तर आकाशातले अंश, निजगती आणि पराशय एकाच अवकाशात मांडावे लागतात. एक अंश म्हणजे निजगतीचे किती, हे तुम्हीच ठरवता, आणि त्या निवडीवर उत्तर हलतं. शिवाय नेहमीच्या स्वरूपात ती प्रत्येक ताऱ्याची त्रुटी विचारात घेत नाही. गुच्छ शोधायला ही पद्धत छान आहे. एकेका ताऱ्याचा निकाल लावायला मी तिच्यावर एकटीवर विसंबत नाही.

जुळ्या ताऱ्यांबद्दल सावध राहा. तिसऱ्या रिलीजचा डेटा ३४ महिन्यांच्या निरीक्षणांवर उभा आहे. एखाद्या ताऱ्याला काही वर्षांच्या कक्षेत फिरणारा जोडीदार असेल तर त्या ३४ महिन्यांत मोजलेल्या निजगतीत कक्षेतली हालचालही मिसळते, आणि खरा सदस्य पुंजक्याबाहेर जातो. आरयूडब्ल्यूई हा रकाना बघा, तो १.४ च्या वर असेल तर साध्या एकट्या ताऱ्याचं गणित तिथे नीट बसलेलं नाही असं समजायचं. बरेच जण असे तारे काढून टाकतात. वय काढायला ते ठीक, पण गुच्छातल्या जुळ्यांचं प्रमाण मोजत असाल तर तुम्ही जे मोजायला निघालात तेच फेकून देताय. मी अशा ताऱ्यांचा सिग्मा वाढवतो आणि त्यांना वेगळी खूण करून यादीत ठेवतो.

रंग-प्रत आलेख तुम्ही कसोटी म्हणून वापरताय. वापरा, पण शेवटी, आणि हात राखून. मुख्य क्रमावर (आलेखात बहुतेक तारे ज्या पट्ट्यात पडतात त्यावर) बसतो म्हणून तारा सदस्य ठरत नाही, आणि क्रमाबाहेर आहे म्हणून परकाही ठरत नाही. सारख्या वस्तुमानाचे जुळे क्रमाच्या ०.७५ प्रतीने वर बसतात. एम ६७ मधले निळे तारे, जे त्या गुच्छाच्या वयाला न शोभणारे निळे आणि तेजस्वी आहेत, ते क्रमापासून पार दूर आहेत, तरी निजगतीने सदस्य ठरतात. हायाडीसमधले श्वेतबटूही तसेच. रंगाची गाळणी आधी लावली असती तर हे सगळे हातचे गेले असते. आणखी एक धोका: समवय रेषेने तारे निवडायचे आणि त्याच ताऱ्यांवरून वय काढायचं, तर जे गृहीत धरलं तेच उत्तर म्हणून परत येतं.

वेग जुळला म्हणजे गुच्छ एकच, हेही गृहीत धरू नका. एम ४४ आणि हायाडीस यांचे अवकाशातले वेग बरेच सारखे आहेत आणि वयंही जवळपास, सहाशे-सातशे दशलक्ष वर्षांच्या घरात. तरी दोघांच्या अंतरात शंभराहून जास्त पार्सेकचा फरक आहे आणि ते दोन वेगळे गुच्छ आहेत. उलट बाजूला कुंभेतला एम ७३: एकत्र दिसतात म्हणून चार तारे यादीत गेले, आणि वेग मोजल्यावर कळलं की त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

तर एम ४४ साठी तुम्ही आता असं करा. पराशय ४.५ ते ६.५ अशी सैल खिडकी घेऊन चार अंशांतले तारे ठेवा. अरीय वेग ३५ धरून प्रत्येक ताऱ्याची अपेक्षित निजगती वजा करा. प्रत्येकाचा सिग्मा ०.९ आणि त्याची स्वतःची त्रुटी यांतून काढा, आणि उरलेला फरक किती सिग्मांचा आहे हा एक नवा रकाना करा. त्या रकान्यात तीनच्या आतले तारे मोजा, मग दोन मोकळ्या तुकड्यांत तेच मोजा. अठराव्या प्रतीच्या आधीचे आणि नंतरचे तारे वेगवेगळे मोजा, कारण भेसळ मंद ताऱ्यांत वाढते. गायात ज्यांचा अरीय वेग मिळतो अशा तेजस्वी ताऱ्यांत तो ३५ च्या आसपास येतो का तेही बघा; एखाद्याचा बराच वेगळा आला तर काढून टाकण्याआधी तो जुळा तर नाही ना याची शहानिशा करा. मोकळ्या तुकड्यांतले आकडे आले की इथे टाका, शक्यतांचा हिशेब त्यांवरून पुढे करता येईल.